आपलं नाव आपल्या हातानं

आमच्या बचत गटाचा कर्जाचा अर्ज बाजारच्या गावी टाइप करून घेतला होता. तो परत आला. का? तर 'मुळे' आडनावाचं 'मुले' झालेलं. आधार कार्डावर एक, अर्जावर दुसरंच! पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा टायपिंगचे पैसे, एक रोज बुडाला तो वेगळाच. तेव्हा ठरवलं, गटाच्या कॉम्प्युटरवर मराठी आपणच लिहायचं.

त्यासाठी नवा कीबोर्ड विकत आणावा लागत नाही. कॉम्प्युटर विंडोजचा असेल तर इंटरनेट चालू करा नि 'सेटिंग्ज' उघडा. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये 'लँग्वेज'वर जा. 'अ‍ॅड अ लँग्वेज' दाबून मराठी निवडा. 'डिस्प्ले लँग्वेज'पुढे खूण असली तर काढा, नाहीतर पडद्यावरच्या सूचनाही मराठीत होतात. झालं! आता विंडोजच्या चिन्हाचं बटण धरून स्पेसबार दाबा, मराठी येईल. पुन्हा तसंच केलं की इंग्रजी.

बटणांवर अक्षरं इंग्रजीच दिसतील, घाबरू नका. या मांडणीला इनस्क्रिप्ट म्हणतात. १९९१ पासून ती भारतीय मानकात आहे. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. जसं बोलतो त्याच क्रमानं टाइप करायचं. 'कि' लिहायचं तर आधी क, मग वेलांटी.

'मुळे' लिहून बघू. सी दाबा, म आला. जी दाबा, उकार लागला. शिफ्ट धरून एन दाबा, ळ आला. एस दाबा, मात्रा लागली. शिफ्ट न धरता एन दाबलं तर ल येतो, तेवढं जपा. जोडाक्षर हवं असेल तर मधे डी दाबा, म्हणजे अक्षराचा पाय मोडतो.

ही मांडणी जड वाटली तर मराठीच्या 'ऑप्शन्स'मधून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड जोडता येतो. त्यात इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे लिहायचं. पण ल की ळ, न की ण, हे तिथंही आपणच बघायचं.

असं लिहिलेलं युनिकोडमध्ये असतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलताच दिसायचा. हा मोबाइलवरही वाचता येतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आधी आपलं नाव टाइप करा. शेजारणीनं ते आधार कार्डाशी ताडून बघा. मगच अर्जाला हात घाला.