वाढत्या मापाचे हेल्मेट

मुलांसाठी वस्तू घेताना ती ‘वाढत्या अंगाची’ पाहून घेण्याची आपल्या घरांतील रीत फार जुनी आहे. फ्रॉकला आतून दोन बोटे मुडप, बुटांत पुढे बोटभर जागा, गणवेश किमान दोन वर्षे पुरेल असा. या काटकसरीत शहाणपण होते, आजही आहे. मात्र वाढदिवसाला नातवंडासाठी सायकल आणि तिच्याबरोबर हेल्मेट घेताना हीच रीत वापरली जाते, आणि तेथे ती धोक्याची ठरते. या दोन्ही वस्तू आजच्या मापाच्याच हव्यात.

हे लिखाण मुख्यतः आजी-आजोबांसाठी आहे. आई-वडील कामावर असतात, आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत सोसायटीच्या आवारात, पार्किंगमध्ये किंवा गल्लीत मूल सायकल चालवीत असताना बाकावर बसून लक्ष ठेवणारे बहुधा तुम्हीच असता. हेल्मेटचा पट्टा कोणी बांधायचा, हा प्रश्नही मग तुमच्याकडेच येतो.

आधी मापाविषयी. मुलाचे पाऊल दर काही महिन्यांनी वाढते, हात-पाय लांबतात. डोके मात्र या नियमाला अपवाद आहे. पाचव्या वर्षापर्यंत डोक्याची बहुतेक वाढ होऊन गेलेली असते. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० ते ५१ सेंटिमीटर असतो आणि पुढच्या पाच वर्षांत त्यात जेमतेम दोनेक सेंटिमीटरची भर पडते. एवढी वाढ सामावून घेण्यासाठी चांगल्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला फिरवून घट्ट-सैल करण्याची चकती असते. तेव्हा मोठे हेल्मेट घेऊन पैसेही फारसे वाचत नाहीत.

शिवणकामाची टेप घ्यावी. भुवयांच्या वर दोन बोटे, कानांच्या किंचित वरून, मागच्या फुगवट्यावरून ती फिरवावी आणि आलेला आकडा कागदावर लिहून दुकानात न्यावा. टेप नसेल तर दोरा आणि फूटपट्टी पुरेशी आहे.

हेल्मेट नेमके काय करते, हे एकदा समजले की मापाचा आग्रह कशासाठी, तेही उमगते. बाहेरचे चकचकीत कवच पातळ असते; खरे काम आतल्या कडक थर्माकोलचे. युरोपीय मानकानुसार हेल्मेटची चाचणी करताना ते सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर पाडतात. त्या क्षणी त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. उघडे डोके सिमेंटवर आपटले की ते काही मिलिमीटरच्या अंतरातच थांबते, आणि कवटी थांबली तरी आतला मेंदू पुढे जाऊ पाहतो. थर्माकोल मध्ये असले तर ते चिरडत जाते आणि डोक्याला थांबायला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर मिळते. थांबण्याचे अंतर जितके वाढते तितका धक्क्याचा जोर उतरतो. पण हे सारे थर्माकोल डोके आणि जमीन यांच्या मध्ये असले तरच! सैल हेल्मेट पडतानाच मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते.

घातल्यावर तपासणी अशी करावी. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवी असावी. टोपीसारखे मागे ढकललेले हेल्मेट छायाचित्रात छान दिसते, एवढाच त्याचा उपयोग. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली एकत्र यावेत. हनुवटीखालच्या पट्ट्यातून एखाद-दुसरे बोटच जावे. मग मुलाला मोठी जांभई द्यायला सांगावी. तोंड उघडताच हेल्मेट किंचित खाली ओढले गेले पाहिजे. मुलीचा उंच बांधलेला बो, मोठी क्लिप किंवा अंबाडा काढून केस मानेपाशी बांधावेत, नाहीतर अचूक मापाचे हेल्मेटही बसत नाही.

रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या काही हेल्मेटमध्ये थर्माकोलऐवजी नुसता मऊ स्पंज असतो. बोटाने दाबून पाहावे. सगळेच मऊ लागले तर ते खेळणे समजावे. आत ‘ईएन १०७८’ असा मानकाचा छाप शोधावा. घरात आहेच म्हणून क्रिकेटचे हेल्मेट वापरू नये. ते चेंडूसाठी बनवलेले असते. वडिलांच्या मोटरसायकलचे हेल्मेटही नको, मुलाच्या मानेला त्याचा भार पेलत नाही.

सायकलची कसोटी सोपी आहे. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकावेत आणि ब्रेकपर्यंत बोटे सहज पोहोचावीत. हँडलच्या टोकांना रबरी मुठी असाव्यात. त्याचे कारण पुढे येईलच.

‘आम्ही कुठे हेल्मेट घातले होते?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. ताशी भाड्याची सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालून शिकलेल्या पिढीला तो विचारण्याचा अधिकारही आहे. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा रस्त्यावर सोबतीला सायकलीच होत्या. आज सोसायटीच्या आवारातही मोटार मागे घेणाऱ्याला गाडीमागचे बुटके मूल दिसत नाही, आणि तळघरातील पार्किंगचा उतार मुलांना घसरगुंडीसारखा वाटतो.

पुराव्याचे म्हणाल, तर १९८९ साली अमेरिकेतील सिएटलच्या अभ्यासाने हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असे म्हटले. हा आकडा पुढे फार मोठा ठरवला गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र पाहणाऱ्या विश्लेषणात गंभीर दुखापतींतील घट सुमारे दोन-तृतीयांश आढळली. तीही काही लहान नाही. हेल्मेट अपघात टाळत नाही, हे मात्र खरे. नेदरलँड्समध्ये फारच थोडी माणसे हेल्मेट घालतात, कारण तेथे सायकलींना वेगळे मार्ग आहेत. आपल्याकडे ते होतील तेव्हा होवोत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० सालीच सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्या मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटचे कलम मोटरसायकलींपुरते आहे. म्हणजे मुलाला विचारणारे कोणी असेल तर ते घरातलेच.

मुलाने हट्ट केला तर वाद घालू नये. सायकलच्या कुलपाची किल्ली हेल्मेटच्या पट्ट्याला अडकवून ठेवावी. एक घेतले की दुसरे आपोआप हातात येते. एक गोष्ट मात्र विसरू नये: सायकल सोडून मूल घसरगुंडीकडे किंवा लोखंडी जाळीच्या झुल्याकडे धावले, की हेल्मेट काढायला लावावे. डोके फटीत अडकून पट्ट्याने गळफास बसण्याचा धोका असतो.

आणि मूल पडलेच तर? बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल, तर त्याला उठवून बसवू नये, हेल्मेट ओढून काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उठून खेळायला लागले म्हणून लगेच निश्चिंतही होऊ नये. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर मूल काही वेळ अगदी ठीक वाटते आणि मग तासा-दोन तासांत, कधी त्याहूनही उशिरा, ढासळते. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळी गुंगी, झटके, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, नाकातून वा कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही दिसले तर हळद-पाण्याचा लेप लावीत न बसता रुग्णालय गाठावे.

पडल्यावर मुलाला झोपूच देऊ नये, हा समज घट्ट आहे. किरकोळ टेंगूळ असेल आणि मूल नेहमीसारखे वागत-बोलत असेल, तर त्याच्या रोजच्या वेळी त्याला झोपू द्यायला हरकत नाही. रात्रीतून एक-दोनदा हलकेच जागे करून ते ओळखते का, नीट बोलते का, एवढे पाहावे. नीट जाग येत नसेल तर सकाळची वाट पाहू नये.

हँडलचे टोक पोटात घुसले असेल तर वर फक्त रुपयाएवढा लाल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. पोट दुखत राहिले, उलटी हिरवट झाली किंवा मूल पांढरेफटक पडले, तर डॉक्टरांना ‘हँडल लागले होते’ हे आवर्जून सांगावे. मूल स्वतः ते सांगेलच असे नाही. सायकल काढून घेतील ही भीती त्याला अधिक मोठी असते.

जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतले थर्माकोल एकदा चिरडले की पुन्हा फुगत नाही. ते कामवालीच्या मुलाला देऊ नये, धाकट्या भावासाठीही ठेवू नये. कात्रीने पट्टे कापून मगच ते भंगारात टाकावे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर ते जाणार नाही.