आई-बाबा वेगळे झाले, तरी मूल दोघांचेच

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या पुस्तकात एका तहामुळे आले. आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात येथे तह झाला. गंगा-यमुनेच्या दुआबापासून अहमदनगर व भडोचपर्यंतचा मुलूख एका सहीने एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्या मुलखात राहणाऱ्या माणसांना कोणी काही विचारले नाही. तहाची रीतच तशी असते.

पती-पत्नी विभक्त होतात तेव्हा त्यांच्यातही एक प्रकारचा तह होतो. घर कोणाचे, दागिने कोणाचे, कर्ज कोणी फेडायचे हे ठरते आणि त्याच यादीत मुलांचेही नाव लिहिले जाते. नेमकी येथेच मोठी चूक होते, कारण मूल म्हणजे मुलूख नव्हे.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातील एका धर्मग्रामात प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा सोहळा होता. मिस्सा संपली, मुले पांढऱ्या वेशात बाहेर आली आणि छायाचित्रांसाठी आपापल्या आईवडिलांकडे धावली. एक मुलगा मात्र पायरीवरच उभा राहिला. त्याची आई उजवीकडच्या निंबाखाली मामांसोबत उभी होती, वडील फाटकाजवळ आजीसोबत. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "फादर, मी पयले कोनापाशी जाऊ?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. पुढील लेख त्या मुलाला स्मरून लिहिला आहे.

विवाह थांबतो, पालकत्व थांबत नाही

विवाह हे आजन्म बंधन आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपणा सर्वांना परिचित आहे. पण त्याच ख्रिस्तसभेने विभक्त झालेल्या दांपत्यांविषयी काय सांगितले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत, कलम ११५१ ते ११५५ ही पती-पत्नीने वेगळे राहण्यासंबंधी आहेत. जोडीदारामुळे शरीराला, आत्म्याला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळे होण्यास तेथे वाव दिला आहे. त्यातील कलम ११५४ प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे असे आहे. दांपत्य विभक्त झाले, तरी मुलांचे पालनपोषण व शिक्षण यांची योग्य सोय नेहमी झालीच पाहिजे, असे ते सांगते. या कर्तव्याला कोणताही अपवाद नोंदवलेला नाही.

दिवाणी घटस्फोटाविषयीही अनेकांच्या मनात अपराधभाव असतो. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३८३ व्या परिच्छेदाने स्पष्ट केले आहे की, काही कायदेशीर हक्क, मुलांची देखभाल किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो चालवून घेता येतो व तो नैतिक अपराध ठरत नाही.

आणखी एक भीती वारंवार कानावर येते. ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला, तर मुले अनौरस ठरतील काय? मुळीच नाही. कलम ११३७ नुसार, जो विवाह वैध समजून केला गेला होता, त्यातून जन्मलेली मुले औरसच असतात. मात्र ख्रिस्तसभेच्या न्यायासनाच्या निकालाने दिवाणी कायद्यातील विवाह संपत नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केली. तेव्हा मुलांचा ताबा, भेटी आणि पोटगी यांसाठी दिवाणी न्यायालयाकडेच जावे लागते.

कायदा काय पाहतो?

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. २००१ पर्यंत त्यातील तरतुदी फार कठोर होत्या. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते; पत्नीला मात्र सामान्यतः व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयच नव्हती. साहजिकच प्रत्येक खटला म्हणजे एकमेकांवर चिखलफेक होई आणि घरातील मुले त्याची मूक साक्षीदार होत. २००१ च्या दुरुस्तीने पती व पत्नी यांना समान कारणे दिली आणि कलम १०-अ द्वारे परस्परसंमतीचा मार्ग खुला केला. आज दोघांनी शांतपणे बसून मुलांविषयीच्या अटी लिहून काढणे शक्य झाले आहे, ते या बदलामुळे.

मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा अधिकार याच कायद्याची कलमे ४१ ते ४४ न्यायालयाला देतात. खटला चालू असताना मुलांच्या खर्चासाठी व शिक्षणासाठी केलेला अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशीही तरतूद आहे. याशिवाय १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. त्याच्या कलम १७ चे सूत्र एकच : अल्पवयीन मुलाचे हित. मूल समजत्या वयाचे असेल, तर त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते.

या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल एका ख्रिस्ती कुटुंबाच्याच खटल्यातून आला आहे. १९७३ च्या रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुले ही आईबापांच्या मालकीची वस्तू नव्हेत आणि त्यांचे खेळणेही नव्हेत. पुढे जानेवारी २०२० मध्ये आणखी एका निकालात याच न्यायालयाने सांगितले की, ताब्याच्या लढाईत बळी ठरते ते मूलच. म्हणून ज्या पालकाकडे मूल राहत नाही, त्याला भेटीचा तसेच फोन वा व्हिडिओवर बोलण्याचाही हक्क मिळाला पाहिजे. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा, अशी शिफारस केली होती.

अमरावती व अकोला येथे कौटुंबिक न्यायालये आहेत. खटला लढवण्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करणे हे १९८४ च्या कायद्याने त्यांचे कर्तव्यच ठरवले आहे. स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. पैशांअभावी कोणत्याही मातेने आपला हक्क सोडून देऊ नये.

करार कसा असावा?

न्यायालय आदेश देते. पण मंगळवारची शाळा, गुरुवारचा ताप आणि रविवारची मिस्सा या गोष्टी आईवडिलांनाच निभवाव्या लागतात. म्हणून एक साधा, लेखी करार करावा आणि तो संमतीच्या अटी म्हणून न्यायालयात दाखल करावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली गोष्ट, दिवस. 'जमेल तेव्हा भेटू' असे लिहिले की भांडणाला निमंत्रण मिळते. वार, वेळ आणि जागा निश्चित करावी. मुलाला घेण्या-सोडण्याची जागा शक्यतो शाळेचे फाटक किंवा एखाद्या नातलगाचे घर असावे. जुने वाद उकरले जातात तो उंबरठा नसावा. मूल लहान असेल, तर भेटी थोड्या वेळाच्या पण वारंवार असाव्यात, कारण दोन वर्षांच्या बाळाला महिनाभराचे अंतर फार मोठे असते. किशोरवयीन मुलाच्या बाबतीत त्याचे मित्र, खेळ आणि शिकवणी यांचाही विचार करावा.

दुसरी गोष्ट, सण आणि सुट्ट्या. नाताळ यंदा आईकडे, तर पुढच्या वर्षी बाबांकडे. पुनरुत्थानाचा सण त्याच्या उलट. येथे वऱ्हाडातील पालकांनी एक बाब विसरू नये. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. एक पालक पुण्या-मुंबईत नोकरीला असेल आणि मूल अंजनगावात शिकत असेल, तर सुट्टीच्या तारखा मुलाच्या शाळेप्रमाणे लिहाव्यात. अकोल्याहून वा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुलाला कोण नेणार, तिकीट कोण काढणार, हेही लिहावे. क्षुल्लक वाटणाऱ्या अशाच गोष्टींवरून भेटी मोडतात.

तिसरी गोष्ट, पैसा. शाळेची फी, वह्या-पुस्तके, औषधोपचार यांचा वाटा आकड्यांत ठरवावा व रक्कम बँकेतूनच द्यावी. आणि एक गाठ पक्की बांधावी : पैसा आणि भेट यांची सांगड घालू नये. 'पैसे आले नाहीत, म्हणून मुलगी दाखवणार नाही' असे आईने म्हणू नये. 'मुलगी दाखवत नाही, म्हणून पैसे देणार नाही' असे बापाने म्हणू नये. दोन्ही वेळा उपाशी राहते ती मुलगीच, एकदा पोटाने, एकदा मनाने. थकलेल्या पोटगीसाठी कायद्यात स्वतंत्र मार्ग आहे, नाकारलेल्या भेटीसाठीही आहे.

चौथी गोष्ट, दोन घरे पण एक शिस्त. झोपण्याची वेळ, अभ्यास, मोबाईल, रविवारची मिस्सा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग यांविषयीचे नियम दोन्ही घरांत शक्य तितके सारखे असावेत. एका घरात धाक आणि दुसऱ्या घरात लाड असे झाले, की मूल दोन्ही घरांना खेळवायला शिकते आणि शेवटी कोणत्याच घराचे राहत नाही.

पाचवी गोष्ट कागदावर लिहिता येत नाही, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाला निरोप्या करू नये. 'तुझ्या बापाला सांग', 'तुझ्या आईला विचार' ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. त्याच्यासमोर दुसऱ्या पालकाची निंदा करू नये. मूल अर्धे आईचे आणि अर्धे बापाचे असते. त्यातील एकाला वाईट ठरवले, की मूल स्वतःचा अर्धा भाग वाईट समजू लागते. आपल्यामुळेच आई-बाबा वेगळे झाले, असेही अनेक मुलांना वाटत असते. 'यात तुझा काही दोष नाही' हे वाक्य दोघांनीही, पुन्हा पुन्हा, त्याला सांगितले पाहिजे.

मूल वाढते तशा त्याच्या गरजा बदलतात. म्हणून दरवर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी दोघांनी एकदा बसून करार वाचावा आणि आवश्यक तो बदल करावा.

जेथे सहकार्य शक्य नाही

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जेथे मारहाण, व्यसनामुळे होणारा धोका किंवा मुलावर अत्याचार आहे, तेथे 'मुलांसाठी जमवून घ्या' असा सल्ला देणे हे पाप आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक ठरेल असे वाटल्यास ती नाकारूही शकतात. अशा प्रसंगी आधी सुरक्षितता. सहकार्याचा विचार त्यानंतर.

आपण काय करावे?

मराठी ख्रिस्ती वाचकांना रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांची कथा नवी नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. पुढील काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लहानगा दत्तू आईजवळ राहिला. पण त्या काळात पत्रांचा मार्ग बंद झाला नाही. पुढे संसार पुन्हा जुळला आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक दुभंगलेला संसार असा जुळत नाही, हे मान्य. तरीही मुलासाठी मार्ग उघडा ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. आज तर पत्राची वाट पाहावी लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटांचा फोन पुरेसा असतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २० मे २०१५ रोजीच्या आपल्या प्रबोधनात विभक्त पालकांना कळकळीची विनंती केली होती की, मुलांना ओलीस ठेवू नका. २०१६ च्या 'आमोरिस लेतिसिया' या प्रेरितिक पत्रातही त्यांनी ती पुन्हा केली आणि अशा पालकांना ख्रिस्ती समाजाने एकटे सोडू नये, असे बजावले.

ही शेवटची सूचना आपणा सर्वांसाठी आहे. आजी-आजोबांनी, मामांनी, काकांनी, आत्यांनी भांडणात बाजू घेण्याऐवजी मुलाची बाजू घ्यावी. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांनी धर्ममाता-धर्मपिता म्हणून जबाबदारी स्वीकारली, त्यांनी अशा वेळी ती आठवावी. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अशा मुलाला 'तू कोणाकडे राहतोस?' असे विचारू नये. 'अभ्यास कसा चालला आहे?' एवढेच विचारावे.

शलमोन राजासमोर दोन स्त्रिया एका बाळासाठी भांडत आल्या. बाळाचे दोन तुकडे करा, असे राजाने म्हणताच एकीने आपला हक्क सोडला, आणि खरी आई तीच ठरली. आज मुलाला कापायला तलवार लागत नाही. दोन घरांतले दोन हट्ट पुरेसे असतात.

पायरीवर उभ्या असलेल्या त्या मुलाला मी त्या दिवशी त्याचा हात धरून आधी आईकडे नेले, मग वडिलांकडे. शेवटी तिघांचे एक छायाचित्र निघाले. दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. पण मुलाच्या खांद्यावर उजवीकडून एक हात होता आणि डावीकडून एक. सुरुवात म्हणून तेवढेही पुरे आहे.