गिटारचे हमिंग आणि अर्थिंगचा फेरा

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या संस्थेतील वृद्ध भगिनींच्या तोंडची भोंडल्याची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावी, असे कार्यकारी मंडळाने ठरविले व ते काम आम्हां दोघा-तिघांकडे सोपविले. बडोद्यात नवरात्रात गरब्याचा दणदणाट असतो. त्यातही आपल्या घरांतून पाटावरचा हत्ती आणि त्याभोवतीचा फेर टिकून राहिला, तो या आज्यांमुळेच. त्यांपैकी सर्वांत वडील आजींच्या नातीने गिटारची साथ करावयाचे कबूल केले. सभागृहाच्या रंगमंचावर गिटारचा अॅम्प्लिफायर ठेवला, मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला, लांब तार टाकून दोहोंची जोडणी केली आणि ध्वनिमुद्रण सुरू केले.

आजी सुरेख गायल्या. परंतु मुद्रण ऐकू लागलो, तो गाण्याच्या मागे अखंड ‘घूंऽऽ’ असा आवाज! लाउडस्पीकरवाले ज्यास ‘हमिंग’ म्हणतात, तेच हे. आजींना पुन्हा गाण्याची विनंती करताना आम्हांस संकोच वाटला. त्या म्हणाल्या, “अरे, गाईन की मी. पण आधी तुमच्या त्या यंत्राला गप्प बसवा.”

त्या यंत्रास गप्प कसे बसविले, ते पुढे सांगत आहोत. हल्ली पुष्कळ घरांतून मुले गिटार शिकतात आणि ती संगणकास जोडतात. त्यांच्या पालकांसही या माहितीचा उपयोग व्हावा. शिवाय ही गोष्ट केवळ आवाजाची नाही, जिवाची आहे. ती कशी, तेही पुढे येईलच.

प्रथम हा आवाज कशाचा, ते पाहू. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची असून तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तने या गतीने बदलते. हमिंग म्हणजे या आवर्तनांचाच आवाज. त्यात ५० चा मूळ स्वर असतो व त्याच्या पटीतील १००, १५० असे वरचे स्वरही मिसळलेले असतात. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली, तर सुमारे ९८ आवर्तनांचा स्वर निघतो. हमिंगमधील १०० चा स्वर याच्या अगदी शेजारचा. म्हणून हमिंग गाण्यात बेसूर साथीदारासारखे खुपते आणि म्हणूनच ते मागाहून गाळून काढणेही कठीण जाते. गाळू जावे, तर गिटारचा व गळ्याचा काही भाग त्याबरोबर निघून जातो.

ही वीज ध्वनीच्या तारेत शिरते कशी? शेजारी शेजारी बांधलेले दोन हौद डोळ्यांपुढे आणा. एकाची पातळी दुसऱ्याहून बोटभर उंच आहे. ते वेगवेगळे आहेत तोवर काहीच घडत नाही. पण दोहोंमध्ये नळी टाकली की पाणी वाहू लागते. विजेच्या अर्थिंगचेही तसेच आहे. थ्री-पिन प्लगमधील जाड व लांब पिन उपकरणाचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडते. अॅम्प्लिफायर एका पॉइंटवर आणि लॅपटॉपचा चार्जर दूरच्या दुसऱ्या पॉइंटवर असला, तर दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगची विद्युत्पातळी अगदी सारखी असेलच असे नाही. आता या दोन उपकरणांमध्ये ध्वनीची तार जोडली. तिच्या आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते आणि ती दोन्ही टोकांस उपकरणांच्या सांगाड्यांस जोडलेली असते. ही जाळी म्हणजेच हौदांमधील नळी. जाळी, अॅम्प्लिफायर, भिंतीतील अर्थिंगची तार, चार्जर, लॅपटॉप आणि पुन्हा जाळी असा एक बंद फेरा तयार होतो. इंग्रजीतील ‘ग्राउंड लूप’ तो हाच. शिवाय, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे बंद फेऱ्यात वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेच आहे. तेव्हा फेरा जितका विस्तीर्ण, तितकी आसपासच्या तारांची व ट्रान्सफॉर्मरांची वीज तो अधिक ओढून घेतो.

हा प्रवाह अल्प असला तरी पुरेसा असतो. समजा, जाळीचा रोध एक दशांश ओहम आहे आणि तीतून ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. मग जाळीच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक पडतो व तो ध्वनीत जसाच्या तसा मिसळतो. गिटार हळुवार वाजत असताना ध्वनीचा संकेत १०० मिलिव्होल्टच असेल, तर हमिंग त्याच्या विसाव्या हिश्शाइतके झाले. शांत जागी हे कोणाच्याही कानास जाणवेल.

परंतु हमिंग आले की ते या फेऱ्याचेच असते, असे मात्र नव्हे. म्हणून उपाय करण्यापूर्वी निदान करावे. त्याचा क्रम आम्ही असा ठेवला.

प्रथम अॅम्प्लिफायरचा आवाज कमी करून गिटारची तार काढली. अशाने हमिंग थांबले, तर दोष गिटारचा किंवा तिच्या तारेचा समजावा. गिटारला स्वतःचा विजेचा प्लग नसतो. त्यामुळे एकटी गिटार हा फेरा पुरा करू शकत नाही. मात्र तिच्या पिकअपमधील तारेचे वेटोळे आसपासच्या विजेचे क्षेत्र टिपते. गिटार हातात घेऊन जागच्या जागी वळल्यास आवाज कमीजास्त होत असेल, तर तो पिकअपचा दोष होय. यावर उतारा म्हणून सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीत एकमेकांविरुद्ध जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा ‘हमबकर’ पिकअप तयार केला. त्यात दोन्ही वेटोळ्यांनी टिपलेले हमिंग परस्परांस खाऊन टाकते. तारांना बोट लावताच आवाज कमी होत असेल, तर तोही फेरा नव्हे. शरीराने व गिटारने मिळून टिपलेला तो बाहेरचा गोंगाट असतो.

आमच्याकडे गिटारची तार काढूनही हमिंग चालूच राहिले. मग दुसरी कसोटी लावली: लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालविला. तत्क्षणी सभागृह शांत झाले. याचा अर्थ, फेरा चार्जरच्या वाटेने पुरा होत होता. हीच कसोटी घरी सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची.

तिसरी कसोटी अशी की, थोडी शांतता मुद्रित करून ती निराळ्या ठिकाणी हेडफोनवर ऐकावी. मुद्रणात हमिंग नसेल व केवळ स्पीकरमधून येत असेल, तर दोष इंटरफेस आणि स्पीकर यांच्या मधल्या जोडणीत आहे. माउस हलविताना किंवा पडद्यावरील मजकूर सरकविताना बारीक किणकिण, चिवचिव ऐकू आली, तर संगणकाच्या आतील गोंगाट यु.एस.बी.च्या तारेतून बाहेर येत आहे, असे समजावे.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्ही या खटपटीत असता एक उत्साही तरुण म्हणाला, “काका, अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकू या. आवाज लगेच बंद!” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पिन काढली की फेरा तुटतो व हमिंग थांबते. पुष्कळ ठिकाणी हे करतातही. आम्ही मात्र त्याला थांबविले आणि वायरमनला बोलावून मागच्या खोलीचे अर्थिंग तपासून घेतले. तेथे अर्थिंगच्या मुख्य तारेचा स्क्रू सैल होऊन सांधा काळा पडलेला निघाला. त्याच खोलीत पाण्याचा कूलर आहे. कूलरमधून गळणारी थोडी वीज जमिनीत जाण्यास नीट वाट नसल्याने ती चार्जरच्या अर्थिंगमधून लॅपटॉपमध्ये, तेथून ध्वनीच्या तारेच्या जाळीत आणि अॅम्प्लिफायरमार्गे रंगमंचाच्या अर्थिंगमध्ये जात होती. आमचे हमिंग ते हेच.

आता वाचकांनी विचार करावा. अॅम्प्लिफायरची पिन काढली असती, तर ती वीज कोठे गेली असती? गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या सांगाड्यास जोडलेल्या असतात. म्हणजे कूलरची गळती त्या मुलीच्या बोटांखालच्या तारांवर येऊन थांबली असती आणि समोरच्या माईकला तिचा हात वा ओठ लागताच तिच्या शरीरातून वाहिली असती. कूलरमध्ये मोठा बिघाड झाला असता तर काय झाले असते, हे लिहवत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी याने रंगमंचावर गिटार हाती असताना नीट अर्थिंग नसलेल्या माईकला स्पर्श केला आणि विजेच्या धक्क्याने तो मरण पावला. ज्या आवाजाचा आपल्याला त्रास होत होता, तो खरे पाहता बिघाडाची वर्दी देत होता. वर्दी देणाऱ्याचेच तोंड बंद करणे यास शहाणपण म्हणत नाहीत.

मग योग्य उपाय कोणते? वायरमनने सांधा स्वच्छ करून घट्ट केला, तेव्हा हमिंग पुष्कळच कमी झाले. नंतर अॅम्प्लिफायर, लॅपटॉप आणि स्पीकर या तिहींना रंगमंचावरील एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून वीज दिली. दोन हौदांऐवजी एकच हौद झाला, फेराही लहान झाला. लांब तारा काढून आखूड घातल्या. एवढ्यावर बहुतेक घरांतील तक्रार मिटावी.

उरलेल्या बारीक आवाजासाठी अॅम्प्लिफायर आणि इंटरफेस यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविला. यात ध्वनी चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंच्या जाळ्यांचा परस्परांशी संबंध राहत नाही. डी.आय. बॉक्सवरील ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळही केवळ ध्वनीच्या तारेची जाळी तोडते, प्लगच्या अर्थिंगला हात लावीत नाही, म्हणून ती सुरक्षित आहे. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड तारा घालाव्यात. त्यांत ध्वनी दोन तारांतून उलटसुलट नेतात व पुढे त्यांतील फरक तेवढा घेतात. वाटेत दोहोंवर सारखाच बसलेला गोंगाट त्यामुळे वजा होतो. संगणकाची किणकिण राहिलीच, तर यु.एस.बी. आयसोलेटर मिळतो, परंतु काही आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिट एवढ्याच वेगाचे असतात आणि ४८० मेगाबिटांच्या इंटरफेसला ते पुरत नाहीत. घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

जुन्या वाड्यांतून थ्री-पिनचे सॉकेट दिसते, पण त्यामागे अर्थिंगची तारच नसते, असेही आढळते. लॅपटॉपच्या धातूच्या भागास हात लावता मुंग्या येत असतील, तर गिटार बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. प्रत्येक घरी असावा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा गुण कमी होतो. म्हणून त्यात पाणी घालीत जावे.

असो. पुढच्या रविवारी आजी पुन्हा आल्या. मुद्रण सुरू करण्यापूर्वी आम्ही हेडफोन त्यांच्या कानांस लावले. क्षणभर ऐकून त्या म्हणाल्या, “काहीच येत नाही रे.” काहीच येत नव्हते, हेच तर आम्हांस हवे होते! मग नातीने सूर धरला आणि आजींनी एकामागून एक सात गाणी म्हटली. ती आता संस्थेच्या संग्रहात आहेत. ज्यांस हवी त्यांनी कार्यालयातून प्रत न्यावी. आणि सभागृह वापरणाऱ्या सर्वांस एकच विनंती: आवाज आला तर आम्हांस बोलवा, पण पिन काढू नका.