वाफ्याच्या कडेचे तण : कापण्यापेक्षा अडवणे बरे

पावसाळा सुरू होऊन पंधरवडा लोटला की गोव्यातील परसबागांचे रूप पालटते. तांबडी भाजी, भेंडी, दोडकी यांचे वाफे तरारून येतात. पण त्यांच्याही आधी वाफ्यांच्या कडा हिरव्या होतात. रविवारी विळा घेऊन कडेचे गवत कापावे, तर पुढच्या पंधरवड्यात ते पुन्हा तितकेच वाढलेले असते. उणीव कष्टांत नसून पद्धतीत असते.

वाफ्याच्या मधोमध आपण खुरपणी करतो, पायवाटेवरचे गवत तुडवले जाते. या दोहोंमधल्या पट्ट्यात खुरपे पोहोचत नाही आणि पाऊलही पडत नाही. वाफ्यातले खतपाणी तिथवर झिरपत असते. तणाला याहून सोयीची जागा कोणती?

कडेचे प्रत्येक तण सारखे नसते. हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा, जमिनीवर आणि जमिनीखाली खोड पसरवत पुढे सरकते. तिच्या पेरापेरांतून मुळे फुटतात. कुदळीने तुकडे केल्यास पेर असलेल्या तुकड्यातून नवे रोप उभे राहते. लव्हाळ्याच्या गाठी मातीत एकमेकींना जोडलेल्या असतात. तो नुसता ओढला तर पाती हाती येतात, गाठ मागे राहते. गाजरगवताचा प्रसार बियांनी होतो आणि एक झाड हजारो बिया टाकते. म्हणून ते फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

हरळीला अडवण्याचा सोपा उपाय म्हणजे चर. वाफ्याच्या कडेने सुमारे १५ सेंटीमीटर खोल आणि १० सेंटीमीटर रुंद चर खणावा. वाफ्याकडची बाजू किंचित उतरती ठेवावी, म्हणजे माती ढासळत नाही. वाफ्याकडे निघालेले हरळीचे खोड चरात उघडे पडते आणि सहज दिसते. दर पंधरा दिवसांनी ते छाटून टाकावे. चराला उतार दिला तर पावसाचे साचलेले पाणीही त्यातूनच निघून जाते. कडेला चिरे लावायचे असतील तर ते नुसते मांडू नयेत, निम्मे जमिनीत पुरावेत. अन्यथा गवत चिऱ्यांखालून वाट काढते आणि मग उपटणेही कठीण होते. लव्हाळ्याला चर पुरेसा नाही. पावसाने माती मऊ असताना खुरप्याने खोल खणून त्याच्या गाठी वेचाव्यात आणि नवे कोंब दिसताच हेच पुन्हा करावे.

कडा स्वच्छ झाल्यावर तिथली माती उघडी ठेवू नये. खाली जुन्या पुठ्ठ्याचा थर आणि वर वाळलेला पाला किंवा माडाच्या झावळ्यांचे तुकडे असे सात-आठ सेंटीमीटर आच्छादन घालावे; रोपांच्या बुंध्यापासून ते थोडे दूर राहू द्यावे. उपटलेली हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी ओल्या जमिनीवर किंवा खतखड्यात टाकू नयेत, त्या तिथे पुन्हा रुजतात. पडवीत पसरून त्या पूर्ण वाळू द्याव्यात.

कंटाळून काही जण कडेला मीठ टाकतात किंवा तणनाशक फवारतात. मिठाने गवताबरोबर मातीही निकामी होते. तणनाशकाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण आपल्याकडे परस आणि विहीर यांत अनेकदा काही पावलांचेच अंतर असते आणि मुसळधार पावसात फवारलेले द्रव्य जागेवर राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला मानवात ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरवले; केंद्र सरकारनेही ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. घरच्या भाजीसाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

दाट वाढलेल्या कडेत हात घालण्यापूर्वी काठीने गवत हलवून पाहावे. पावसाळ्यात साप अशाच जागी आसरा घेतात. आणि चवथीला दूर्वा घरचीच हवी असेल, तर तिच्यासाठी एक कुंडी राखून ठेवावी. कुंडीतली दूर्वा पूजेला येते. वाफ्यात शिरलेली हरळी भाजीच्या मुळावर येते.