शून्य बाइट मागितले तर काय मिळतं?



गुणपत्रक भरताना एक चूक माझ्या हातून झाली होती. तिसरीतली एक मुलगी तापामुळे गणिताच्या चाचणीला आली नव्हती आणि घाईत मी तिच्या नावापुढे ० लिहिलं. पालक सभेत तिचे वडील बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. "एकही गणित आलं नाही का गं?" पोरगी रडायलाच लागली. गैरहजर आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी, पण कागदावर मी त्या एक करून टाकल्या होत्या.

हे आठवलं ते माझ्या भाचीमुळे. ती कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे. रविवारी पनवेलला आमच्याकडे आली ती लॅपटॉप आणि एक छोटा बोर्ड घेऊनच. सी भाषेत हजेरीचा प्रोजेक्ट केलाय. "मावशी, गंमत बघ. लॅपटॉपवर नीट चालतो, पण या बोर्डवर ज्या दिवशी सगळी मुलं हजर असतात, त्याच दिवशी 'मेमरी संपली' म्हणून बंद पडतो!"

प्रोग्रॅम गैरहजर मुलांची यादी ठेवतो. यादीसाठी लागेल तेवढी जागा 'मॅलॉक' या फंक्शनकडे मागतो. मॅलॉक म्हणजे भक्तनिवासाच्या काउंटरवरचा माणूस समजा. इतक्या बाइटची जागा द्या म्हटलं की तो खोलीचा नंबर देतो, म्हणजे मेमरीतला पत्ता. जागा शिल्लक नसेल तर 'नल' देतो, म्हणजे पत्ताच नाही. आता कोणी जाऊन म्हणालं, "शून्य माणसांसाठी खोली हवी," तर त्याने काय करावं?

सी भाषेच्या १९८९ च्या स्टँडर्डने इथे दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. नल दिला तरी चालेल, किंवा एरवीसारखा पत्ता दिला तरी चालेल, फक्त त्या पत्त्यावर काही लिहायचं-वाचायचं नाही. किल्ली घ्या, पण आत पाऊल टाकू नका!

लिनक्सवर सहसा असणारी जीलिबसी ही लायब्ररी दुसऱ्या वाटेने जाते. शून्य मागितलं तरी ६४-बिट मशीनवर ती आपला सगळ्यात लहान, ३२ बाइटचा तुकडा बाजूला काढते. म्हणजे शून्यही फुकट नाही. परत केलं नाही, तर अशा मागण्या साचून मेमरी खरंच भरत जाईल. आयबीएमच्या एआयएक्सवर मात्र नल मिळतो. भाचीच्या बोर्डवरही तेच होत होतं. तिच्या प्रोग्रॅमला नलचा एकच अर्थ माहीत होता, जागा संपली. माझ्या पत्रकातला गोंधळ, फक्त उलट्या बाजूने.

मला सगळ्यात आवडली ती लिनक्स कर्नलची पद्धत. तिथल्या 'केमॅलॉक'कडे शून्य मागितलं की १६ हा ठराविक पत्ता मिळतो. तो नल नाही, त्यामुळे जागा संपली असा गैरसमज होत नाही. आणि तो वापरायचा पत्ताही नाही, कोणी हात लावला की चूक लगेच पकडली जाते. आपण पत्रकात 'गैरहजर' असा वेगळा शेरा लिहितो, तसंच की हे.

भाचीने दुरुस्ती दोन ओळींत केली. आधी संख्या बघायची. ती शून्य असेल तर मॅलॉककडे जायचंच नाही, थेट 'सर्व हजर' दाखवायचं. काही जण शून्याऐवजी एक बाइट मागतात, तेही चालतं. नल 'फ्री' केला तर काही बिघडत नाही, ती काळजी नको. 'रिअ‍ॅलॉक'ला शून्य आकार देणं मात्र टाळाच. काही ठिकाणी जुनी जागा सुटते, काही ठिकाणी नाही, आणि सी२३ या नव्या स्टँडर्डने तर त्याचं काय होईल याची हमीच काढून घेतली आहे.

मग आम्ही माझ्या वर्गाची हजेरी घालून बघितली, सगळी मुलं हजर असलेल्या दिवसाची. तसा दिवस शोधायला कॅटलॉग जरा मागे चाळावा लागला.