श्वानसंगती (लेखांक सातवा) : इनाम, जाळे आणि सुई

मेंढरांच्या वाड्यावर राखण करणाऱ्या धनगरी कुत्र्यांचा आणि पोलीस खात्यातील श्वानपथकांचा परामर्श मागील लेखांकांत घेतला. तेथे कुत्र्याला धनी होता, नेमून दिलेले काम होते, आणि त्या कामापोटी मिळणारी भाकरीही ठरलेली होती. आज विचार करावयाचा आहे तो अशा कुत्र्याचा, की ज्याच्या धन्याची चौकशी केली असता सारी आळी एकमुखाने 'आमचा नव्हे' असे सांगते, जो तरीही त्याच आळीच्या खरकट्यावर वाढतो, रात्री-अपरात्री येणाऱ्या परक्या माणसावर भुंकून आळीची फुकट चौकीदारी करतो, आणि ज्याच्याविरुद्ध वर्षाकाठी एखादा तरी तक्रारअर्ज नगरपालिकेच्या दप्तरी दाखल होतो.

या कुत्र्याचे सरकारने काय करावे, हा प्रश्न मुंबईत फार जुना आहे. इ. स. १८१३ च्या एका नियमान्वये वर्षातील ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना होती. १८३२ साली मॅजिस्ट्रेटने हुकूम काढून ही मुदत वाढविली, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असल्यामुळे या कामी शिपायांचा उत्साह कायद्याच्या अपेक्षेपेक्षाही अधिक वाढला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या अंगावर काठी घेऊन जाणे हे जोखमीचे, तर ओट्यावर निजलेल्या पाळीव कुत्र्याला गाठणे हे सोपे; आणि इनामाच्या हिशेबात दोघांची किंमत सारखीच धरलेली होती. त्यामुळे शिपाई घराच्या आवारात शिरून कुत्री मारतात अशी ओरड सुरू झाली, यात नवल नाही. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाच्या एका पवित्र दिवशी कोटातील लोकांनी शिपायांना गाठून चोपले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, आणि त्या हरताळात हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही सामील झाल्यामुळे कुलाब्याच्या छावणीतील गोऱ्या पलटणीला पावाची व मांसाची रसद मिळेनाशी झाली. अखेर लष्कर बोलावून धरपकड करावी लागली. पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांनी मध्यस्थी करून सरकारकडे अर्ज गुदरला, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याची तजवीज झाली. याच जमशेटजींनी १८३४ साली अमीचंद शहा यांच्या साहाय्याने मुंबईचे पांजरापोळ स्थापन केले, हा योगायोग समजण्याचे कारण नाही.

पारशी समाजाला हे प्रकरण इतके का झोंबले, याचा उलगडा त्यांच्या धर्मग्रंथांत होतो. वेंदिदादाच्या तेराव्या फर्गर्दाचा विषयच कुत्रा हा आहे; आणि मृताच्या अंत्यविधीत 'सगदीद', म्हणजे शवावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा विधी, आवश्यक मानलेला आहे. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणून 'चार डोळ्यांचा' म्हटलेला कुत्रा विशेष इष्ट. ऋग्वेदातील यमाचे दोन कुत्रेही चतुरक्षच आहेत, ही गोष्ट या दोन परंपरांच्या प्राचीन सोयरिकीची साक्ष देते. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

दंगलीचा धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी त्या आठ आण्यांत जी प्रशासकीय चूक दडलेली होती ती पुढे शंभर-दीडशे वर्षे या देशातील नगरपालिका इमानेइतबारे करीत राहिल्या. इनाम मुडद्यावर होते, रोगावर नव्हते. गावातील कुत्र्यांची संख्या ठरते ती उघड्या उकिरड्यावर, खाटीकखान्यामागे आणि मंडईत त्यांना मिळणाऱ्या अन्नावर. ते अन्न जागच्या जागी ठेवून दहा कुत्री मारली, तर वर्षाच्या आत त्यांची जागा जवळपासची कुत्री आणि नवी पिल्ले मिळून भरून काढतात, आणि या नव्या भरतीत लस टोचलेला एकही जीव नसतो. शिवाय मारेकऱ्यांची गाडी आली की लोक आपली कुत्री दुसऱ्या वस्तीत नेऊन लपवितात, त्यांच्याबरोबर रोगही त्या वस्तीत जाऊन पोहोचतो. भूतदयेचा प्रश्न क्षणभर बाजूस सारून केवळ जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तरी हा व्यवहार निखालस आतबट्ट्याचा होता, असे माझे मत आहे.

रोगाची चाल समजल्यावाचून पुढचे समजणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीजचा विषाणू जखमेत उतरतो, काही काळ तेथील स्नायूंत रेंगाळतो, आणि मग जवळच्या मज्जातंतूत शिरून, रक्तप्रवाहाचा राजमार्ग सोडून, जुन्या काळच्या डाकेच्या हरकाऱ्याप्रमाणे मजल दरमजल करीत मेंदूकडे निघतो. मेंदूत ठाण मांडल्यावर तो लाळग्रंथींत उतरतो, म्हणजे पुढच्या दंशाची सिद्धता होते. या प्रवासाला माणसात बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित वर्षाहूनही अधिक. जखम पायाला असेल तर वाट लांबची, चेहऱ्याला किंवा मानेला असेल तर अगदी जवळची, आणि लहान मुलांना कुत्रे चावते ते पुष्कळदा तोंडाला, म्हणून त्यांच्या बाबतीत धोका अधिक. एकदा लक्षणे प्रकट झाली, पाण्याच्या पेल्याकडे पाहून घशाला आचके येऊ लागले, की मग उपाय जवळजवळ उरत नाही. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे आणि या जलसंत्रासाचे वर्णन करून असा रोगी वाचत नाही असे स्पष्ट लिहून ठेवले आहे, आणि ते आजही जवळपास अक्षरशः खरे आहे.

परंतु विषाणूच्या या मंद चालीतच माणसाला मिळालेली सवड आहे. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला दंशानंतर लस टोचून घेतली आणि तो मुलगा वाचला, याचे मर्म एवढेच की, विषाणू मेंदूत पोहोचण्यापूर्वी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करता येते. हिंदुस्थानात ही सोय प्रथम १९०० साली कसौलीच्या पाश्चर संस्थेत झाली, आणि तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढ्यांच्या मेंदूपासून एक लस सिद्ध केली. बेंबीभोवतीच्या ज्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अद्याप आढळते, ती हीच लस. ती स्वस्त होती, देशात बनत होती, आणि तिने असंख्य जीव वाचविले. मात्र मेंदूच्या द्रव्यापासून केलेली असल्याने क्वचित एखाद्या रोग्याला तिच्यामुळेच पक्षाघात होई. आपल्या देशात तिचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाले, आणि तिच्या जागी आलेली लस दंडात चार-पाच वेळा टोचली की काम भागते. बेंबीची दहशत मात्र टिकून राहिली आहे, आणि त्या भीतीपोटी दवाखान्याची पायरी न चढणारे लोक आजही भेटतात.

चावा घेतल्यावर प्रथम काय करावयाचे, हे येथे तपशिलाने सांगणे मला कर्तव्य वाटते. जखमेवर तिखट, चुना, हळद किंवा तंबाखू दाबण्याची रीत घराघरांत आहे, आणि ती सर्वस्वी त्याज्य आहे. नळाची धार सोडावी, साबण घ्यावा, अगदी कपडे धुण्याची वडीही चालते, आणि घड्याळ पाहून पंधरा मिनिटे जखम धूत राहावे. पंधरा मिनिटे हा काळ ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण रडणाऱ्या मुलाचा पाय नळाखाली धरून बसलेल्या आईला तो किती प्रदीर्घ भासतो याची कल्पना असल्यामुळेच, तीन मिनिटांत आटोपते घेऊ नये, असे आग्रहाने सांगतो. विषाणूचे वेष्टन स्निग्ध असल्याने साबणाने त्याचा नाश होतो. मग त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलेल्या जखमेत केवळ लस पुरत नाही. लसीचा प्रभाव पडण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवरचा बंदोबस्त म्हणून तयार प्रतिपिंडांचे द्रव्य जखमेतच व तिच्या सभोवार टोचावे लागते, आणि ते मागून घेण्यास रोग्याच्या नातलगांनी संकोच करू नये. चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर त्याला मारू नये, दहा दिवस नजरेखाली ठेवावे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणांच्या थोडे दिवस आधी, आणि त्यानंतर ते कुत्रे लवकरच मरते. म्हणून दहाव्या दिवशी ते धडधाकट शेपटी हलवीत असेल, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विष नव्हते, असा निर्वाळा मिळतो, आणि राहिलेली इंजेक्शने घ्यावयाची की नाहीत हे डॉक्टरला ठरविता येते. संतापाच्या भरात त्याला ठेचून मारणारे लोक हा पुरावा स्वहस्ते नष्ट करतात. लस मात्र दहा दिवस थांबून नव्हे, पहिल्याच दिवसापासून सुरू करावयाची.

हे झाले दंशानंतरचे. दंशापूर्वीच रोगाचे मूळ उपटता येते काय, याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथे २०१३ पासून राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून कुत्र्यांना लस टोचण्याचे जे काम चालविले, त्याचा पाया एका सरळ गणितावर आहे. एक पिसाळलेले कुत्रे सरासरीने जेमतेम एक-दोन कुत्र्यांनाच रोग देते. तेव्हा प्रदेशातील दहांपैकी सात कुत्र्यांना लस दिली, तर त्या रोगट कुत्र्याचा दात बहुधा सुरक्षित कुत्र्यालाच लागतो आणि साखळी तुटते. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य अल्प, नवी पिल्ले सतत जन्मत असतात, म्हणून हे सत्तर टक्क्यांचे प्रमाण वर्षभरात ओसरते, आणि दरसाल नव्याने ते गाठावे लागते.

गणित सोपे असले तरी अंमलबजावणी जाळ्याने करावयाची असते. लांब दांडा, त्याच्या टोकाला वर्तुळाकार कडे, आणि कड्याला सैल जाळी, असे हे हत्यार. धरणारा माणूस कुत्र्याच्या मागे धावत नाही, कारण धावले की सारी गल्ली भुंकत सैरावैरा होते. तो तिरकस चालीने, दुसरीकडेच पाहत असल्याचा बहाणा करीत जवळ जातो, आणि कुत्रे निसटण्यासाठी वळले की ते ज्या दिशेला झेप घेणार तेथे कडे अगोदरच टेकवितो. कुत्रे आपल्याच वेगाने जाळीत गुरफटते. कडे जमिनीशी दाबून धरताच दुसरा माणूस जाळीच्या छिद्रातून मांडीत सुई टोचतो, तिसरा डोक्यावर रंगाचा एक फराटा ओढतो आणि हातातील फोनवर जागेची नोंद करतो. जाळी उलटली की कुत्रे अंग झाडून चार पावलांवर जाऊन उभे राहते, आणि आपल्यावर झालेल्या या अपमानाबद्दल यथेच्छ भुंकते. दुसऱ्या दिवशी मोजदादीला येणारा मनुष्य रंगाची कुत्री किती आणि बिनरंगाची किती हे पाहून त्या वाडीतील काम पुरे झाले की अपुरे हे सांगतो. याच्या जोडीला शाळाशाळांतून मुलांना शिकविणे आणि संशयित कुत्र्यांची खबर देण्यासाठी दूरध्वनीची सोय, हीही कामे चालू राहिली. २०२१ साली गोवा हा रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून जाहीर झाला. इतर राज्यांशी तुलना करताना गोव्याचे लहान आकारमान ध्यानात घेतले पाहिजे हे खरे. परंतु एखाद्या तालुक्याला किंवा मध्यम नगरपालिकेला गोव्याएवढेही क्षेत्र सांभाळावयाचे नसते.

देशभराचा विचार केला, तर रेबीजच्या मृत्यूंचा वर्षाकाठी वीस हजार हा जुना अंदाज आता उतरला असून अलीकडील सर्वेक्षणातून तो पावणेसहा हजारांच्या आसपास निघाला आहे. ही घट समाधानाची असली तरी यांतील जवळजवळ प्रत्येक मृत्यू साबण, सुई आणि वेळ यांनी टळण्याजोगा होता.

भटक्या कुत्र्यांना रोज बिस्किटे घालणाऱ्या दयाळू मंडळींशी माझा एक लहानसा वाद आहे. त्यांच्यावर खेकसणाऱ्या सोसायटीच्या चिटणिसांच्या बाजूचा मी नाही. रातोरात कुत्री टेंपोत भरून दुसऱ्या पेठेत नेऊन टाकणारी माणसे बेकायदा तर वागतातच, शिवाय दुसऱ्याच्या दारात संकट नेऊन ठेवतात. पण बिस्कीट घालणाऱ्याजवळ जी मत्ता आहे ती नगरपालिकेच्या साऱ्या खात्याजवळ नाही : त्या कुत्र्याचा विश्वास. जाळे न दाखविता, हाक मारून, कानामागे खाजवीत त्याला दोन मिनिटे धरून ठेवणे हे केवळ त्यालाच साधते. एवढे असूनही लसटोचणीचे पथक आळीत आले की तो 'कशाला त्याला त्रास' म्हणून बाजूला होतो, तेव्हा त्याची दया अर्धवट राहते. खाऊ घालणाऱ्याने आपल्या कुत्र्यांची एक साधी वही ठेवावी. रंग, लिंग, लस कधी दिली, शस्त्रक्रिया झाली की नाही, एवढीच चार कलमे पुरेत.

शस्त्रक्रियेचा उल्लेख आला म्हणून कायद्याविषयी थोडे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली जे नियम झाले, आणि ज्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली, त्यांचे सार असे की, भटकी कुत्री धरून त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी, आणि जेथून आणले तेथेच नेऊन सोडावे. हे शेवटचे कलम लोकांना विचित्र वाटते. पण आपल्या हद्दीत परतलेले, लस टोचलेले कुत्रे नव्या, बिनलशीच्या कुत्र्यांना तेथे सहजासहजी पाय रोवू देत नाही, हा त्यातील हेतू. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री सरसकट निवाऱ्यात डांबण्याचा हुकूम प्रथम दिला, तो २२ तारखेला मोठ्या पीठाने बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर मूळ जागी सोडावे, आणि खाऊ घालण्यासाठी जागा मुक्रर कराव्यात, असे ठरविले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मात्र शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा संस्थांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, आणि तेथे परत सोडू नयेत, असा आणखी एक हुकूम झाला. हुकुमाची बजावणी ज्यांच्याकडे आहे त्या नगरपालिकांपैकी कितींजवळ अशा निवाऱ्याची जागा आहे, आणि जेथे आहे तेथे शंभर कुत्र्यांना रोज किती खाणे, किती पाणी, किती झाडलोट आणि किती माणसे लागतात, हा हिशेब पुढील लेखांकात मांडू.