आकडा ९७, श्वास सहा

कोविडनंतर ऑक्सिमीटर घराघरांत पोचला आणि धाप लागलेल्या माणसाच्या बोटाला तो चिमटा लावणे ही पहिली कृती ठरली. ९७ दिसले की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्णवाहिकेतही पुष्कळदा तेच होते. हा भरवसा अर्धवट आहे. चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. छातीचा भाता किती हलतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो की आत साठतो, हे त्याला कळत नाही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असेल तर श्वास मिनिटाला सहावर आला तरी आकडा बराच वेळ जागचा हलत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की दवाखान्याआधीच्या उपचारात घड्याळ धरून श्वास मोजण्याला चिमट्यापेक्षा वरचे स्थान हवे. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तिशीपार गेला तर शरीर झगडते आहे, दहाच्या खाली आला तर हरते आहे. फसगत होते ती मधल्या टप्प्यात. थकलेला माणूस पस्तिसावरून अठरावर येतो, निपचित पडतो, आणि भोवतालच्यांना वाटते, आराम पडला. दमेकऱ्याची घरघर थांबली, पण त्याला सलग वाक्य बोलता येत नसेल, गुंगी येत असेल, तर श्वासनळ्या मोकळ्या झालेल्या नाहीत. आवाज उठण्याइतकीही हवा त्यांतून जात नाही.

मण्यारीच्या दंशात तर हे फारच ठळकपणे दिसते. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज-वेदना जवळजवळ नसतात, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते. धाप मात्र लागत नाही, कारण धापा टाकायलाही स्नायूंत बळ लागते. अशा माणसाला एका श्वासात आकडे म्हणायला सांगावेत. मघाशी वीसपर्यंत गेलेला आता आठवर अडखळला, तर चिमट्यावर काहीही दिसो, श्वास बंद पडण्याची वेळ जवळ आली आहे. प्रतिविष द्यायचेच, पण मण्यारीच्या विषाने आधीच निकामी केलेली नसांची टोके त्याने लगेच चालू होत नाहीत. तोवर अँबू बॅगने आणि पुढे व्हेंटिलेटरने श्वास पुरवत राहिले, तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. बॅग पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती उचललेली दिसेल इतकीच दाबायची. घाबरलेला हात भराभर दाबतो. मग हवा पोटात जाते आणि उलटी फुप्फुसांत उतरण्याचा धोका वाढतो.

यावर नेहमीचा आक्षेप: मोजत काय बसता, अंतर लांब आहे, गाडी पळवा! उदाहरणार्थ, अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर. मला तर हे अंतर माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. एवढ्या वाटेत श्वास मोजण्याचे अर्धे मिनिट म्हणजे काहीच नाही, आणि न ओळखलेला मंद श्वास मात्र वाटेतच थांबतो. घाईची किंमत या जिल्ह्याने पाहिली आहे. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत, शेणाच्या गाळाने भरलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एकामागून एक माणसे उतरली आणि पाच जण दगावले. वाचलेल्याच्या कमरेला दोर होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेच्या सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी ७०४ प्राथमिक दर्जाच्या होत्या. मागे एक डॉक्टर, पुढे पायलट, म्हणजे चालक. हलत्या गाडीत मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायला दोन हात लागतात, बॅग दाबायला तिसरा. एकट्याने हे तासभर नीट होत नाही, हे मान्यच करायला हवे. पण गाडीत बहुतेक वेळा एखादा भाऊ किंवा मुलगा असतोच. डॉक्टरने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि गाडी हलण्याआधीच त्या नातेवाइकाला शेजारी बसवून, आपण "दाब" म्हटले की दाबायचे आणि लगेच सोडायचे, एवढे दोन-चार वेळा करून घ्यावे.